पहिल्यांदाच संक्रांत करताय? भोगीपासून रथसप्तमीपर्यंत काय, कसं आणि का

संक्रांतीला नवखं माणूस गोंधळतं ते याद्यांमुळे. आई एक यादी देते, सासूबाई दुसरी, शेजारच्या काकू तिसरी, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चौथी येऊन पडलेली असतेच. एका घरी पाच सुगडं, दुसऱ्या घरी देवापुढे एक आणि तुळशीपाशी एक की झालं. कुणाकडे भोगीला मुगाची खिचडी हवीच हवी, कुणाकडे तिचा पत्ताच नाही. हे सगळं आपापल्या जागी बरोबर आहे. संक्रांतीचा विधी पोथीने कमी आणि घराघरातल्या सवयीने जास्त ठरवलेला आहे.

मग नव्याने करणाऱ्याने धरायचं काय? या सणाला लागणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू पौषात शेतातून किंवा गुऱ्हाळातून नुकतीच आलेली असते, आणि ती आपल्याच घरात ठेवायची नसते, दुसऱ्याच्या हातावर ठेवायची असते. ताजं पीक आणि वाटणं. यादीतली एखादी गोष्ट गरजेची की हौसेची, असा प्रश्न पडला की या दोन गोष्टींशी ताडून बघा. लग्नानंतरची पहिली संक्रांत असो, बाळाचं पहिलं बोरन्हाण असो, की नोकरीनिमित्त महाराष्ट्रात नुकतंच आलेलं बिऱ्हाड असो, उत्तर बहुतेक वेळा मिळतं.

आधी तारीख

आपले बाकीचे सण तिथीने येतात, म्हणून इंग्रजी तारखेला मागेपुढे होतात. संक्रांत मात्र सूर्याच्या मकर राशीतल्या प्रवेशावर ठरते, त्यामुळे ती १४ जानेवारीला येते, किंवा १५ ला. प्रवेश रात्री उशिरा झाला तर पुण्यकाळ दुसऱ्या दिवशी धरतात. २०२४ मध्ये ती १५ ला होती, २०२५ आणि २०२६ मध्ये १४ ला. भिंतीवरचं कॅलेंडर बघा आणि मोकळे व्हा.

शाळेत आपण शिकतो की संक्रांतीपासून दिवस मोठा होऊ लागतो. खरं तर तो २१-२२ डिसेंबरपासूनच वाढायला लागलेला असतो, कारण खगोलातलं उत्तरायण तेव्हाच सुरू होतं. पंचांगातल्या राशी ताऱ्यांशी बांधलेल्या आहेत आणि पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश फिरतो. त्यामुळे उत्तरायण आणि मकरप्रवेश, जे साधारण सतराशे वर्षांपूर्वी एकाच सुमारास होत होते, ते आता तीन आठवड्यांहून जास्त लांब गेलेत. सरासरी सत्तर-बहात्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीच्या दिवशीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. म्हणजे १४ तारीख ही काही अनादी काळापासून चालत आलेली नाही, ती आपल्या पिढ्यांच्या वाट्याला आलेली आहे.

दुसरी तारीख रथसप्तमीची, माघ शुद्ध सप्तमी. हळदीकुंकू संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, आणि हा काळ दरवर्षी सारखा नसतो. २०२४ मध्ये रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती, २०२५ मध्ये ४ फेब्रुवारीला, तर २०२६ मध्ये २५ जानेवारीलाच. कधी महिनाभर सवड, कधी जेमतेम अकरा दिवस. ज्या वर्षी रथसप्तमी लवकर येते त्या वर्षी सगळी हळदीकुंकवं दोन शनिवार-रविवारांत कोंबली जातात आणि एका संध्याकाळी चार घरं करावी लागतात. म्हणून आपला दिवस आधी ठरवून सांगून टाकावा.

जाता जाता एका अफवेचा निकाल लावू. दर जानेवारीत संदेश फिरतो: यंदा संक्रांत अमुक वाहनावर बसून, तमुक रंगाचं वस्त्र नेसून आली आहे, तेव्हा त्या रंगाची साडी नेसू नका, बांगड्या भरू नका, एकुलता एक मुलगा असेल तर अमुक उपाय करा. पंचांगात संक्रांतीचं वाहन दिलेलं असतं हे खरं. पण ते प्रवेशाच्या क्षणी कोणतं करण, म्हणजे तिथीचा अर्धा भाग, चालू आहे त्यावरून एका ठरलेल्या कोष्टकात बघून लिहितात. बव असेल तर सिंह, बालव असेल तर वाघ, तैतिल असेल तर गाढव, असं ते कोष्टक. करणं अकरा, वाहनंही अकरा. त्यात तुमच्या साडीचा आणि मुलाचा काडीचाही संबंध नाही.

आठवडाभर आधी: बाजार

सुगडं आधी घ्या. सुगड म्हणजे मूठभर आकाराचं मातीचं बोळकं, काळं किंवा लालसर. कुठे त्याला सुगडी म्हणतात, कुठे खण. भोगीच्या दिवशी मंडईत गेलात तर कुंभारांपाशी उरलेली, काठ उडालेली मिळतील. घेताना एकेक हातात धरून बोटाने टिचकी मारा. चांगलं भाजलेलं बोळकं खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. पाच घ्यायची असली तरी सहा घ्या. सहावं कशाला, ते शेवटी सांगते.

तिळात पॉलिशचे पांढरेशुभ्र तीळ दिसायला देखणे, पण लाडवाला साधे, किंचित मळकट दिसणारे गावरान तीळ जास्त चवदार लागतात. एक तीळ चावून बघा. कडवट किंवा खवट लागला तर तो माल जुना आहे. तिळात जवळपास निम्मं तेलच असतं, त्यामुळे ते लवकर खवटतात. थंडीत अंगाला हेच तेल हवं असतं, म्हणून तर तीळ या दिवसांत आले. शास्त्रकारांनी तिळाचे सहा उपयोग सांगून ठेवलेत: तिळाच्या पाण्याने अंघोळ, अंगाला तिळाचं उटणं, तिळाचा होम, तिळाचं तर्पण, तीळ खाणं आणि तीळ देणं. पौष वद्यातल्या एकादशीचं नावच षट्तिला आहे. आपण आज त्यातले शेवटचे दोन तेवढे धरून ठेवलेत आणि माझ्या मते तेच दोन महत्त्वाचे होते.

गुळाचं मात्र नीट समजून घ्या, कारण पहिल्या वर्षी लाडू फसतात ते इथेच. वाण्याला नुसतं "गूळ द्या" म्हणू नका. पाकातल्या कडक लाडवाला आणि वडीला "चिक्कीचा गूळ" मागा. त्याचा पाक चिवट होतो आणि थंड झाल्यावर कुरकुरीत होतो. रोजचा भाजीतला गूळ गुळाच्या पोळीला आणि मऊ वडीला. जानेवारीत कोल्हापूरकडची गुऱ्हाळं जोरात असतात, तेव्हा नव्या गुळाची ढेप सहज मिळते.

परदेशात असाल तर तीळ आणि गूळ कुठल्याही भारतीय दुकानात मिळतील, सुगडं बहुधा मिळणार नाहीत. पाच लहान वाट्या किंवा मातीच्या रोपांच्या कुंड्या चालतात. बोरं, हरभऱ्याचे घाटे, ऊस नसेल तर तिथे त्या महिन्यात जे ताजं मिळतं ते भरा. शेवटी पीकच मांडायचं आहे.

तिळगुळाचे लाडू

पाव किलो तीळ, पाव किलो चिक्कीचा गूळ, अर्धी वाटी भाजून सोललेले शेंगदाणे (कूट नको, फक्त अर्धे करा), दोन-तीन चमचे डाळं, अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं, चमचाभर तूप, वेलदोड्याची पूड. एवढ्यात लहान लिंबाएवढे पस्तीस-चाळीस लाडू होतात.

तीळ जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजा आणि हात थांबवू नका. पाच-सहा मिनिटांत ते तडतडायला लागतात, जरा फुगतात आणि दोन बोटांत चुरडला तर तीळ सहज फुटतो. इथेच थांबा. रंग बदलण्याची वाट बघितलीत की कडवट झालेच म्हणून समजा. ताटात काढा, कारण गरम कढईत ते भाजतच राहतात. खोबरं वेगळं भाजा.

आता कढईत तूप आणि बारीक चिरलेला गूळ घाला. पाणी अजिबात घालायचं नाही. मंद आचेवर गूळ वितळेल, मग त्याला फेस येईल, रंग जरा गडद होईल. बाजूला वाटीत गार पाणी घेऊन बसा आणि पाकाचा थेंब त्यात टाका. पसरला तर पाक कच्चा. गोळी झाली पण बोटाने चेपली गेली तर अजून अर्धा-एक मिनिट. गोळी कडक झाली आणि वाटीच्या कडेवर टाकल्यावर टण्णकन वाजली की त्याच क्षणी गॅस बंद. हा टप्पा फार थोडा वेळ टिकतो, तेव्हा त्या वेळात फोन उचलू नका. तीळ, दाणे, डाळं, खोबरं, वेलदोडा घालून भराभर ढवळा.

लाडू वळायला शक्यतो दोघं बसा. हाताला पाणी किंवा तूप लावून चमच्याने मिश्रण घ्यायचं, तळहातावर दोन-तीनदा फिरवून ताटात सोडायचं. गोल गरगरीत करत बसलात तर हातही पोळेल आणि कढईतलं मिश्रणही घट्ट होईल. आधी ओबडधोबड वळून घ्या, कोमट असतानाच दुसरा हात फिरवा. मिश्रण आळलंच तर कढई पुन्हा मंद आचेवर ठेवा, सैल होतं.

लाडू दुसऱ्या दिवशी हाताला चिकटायला लागले तर पाक कच्चा राहिला होता. दात पडायची भीती वाटली तर पाक पुढे गेला. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासाठी वेगळी मऊ वडी करा: भाजलेले तीळ आणि दाण्याचा कूट साध्या गुळात, गूळ नुसता वितळताच गॅस बंद करून. कवळी असलेल्या माणसाला कडक लाडू देऊन गोड बोला म्हणणं हा अन्याय आहे.

काटेरी हलवा पहिल्या वर्षी घरी करायच्या फंदात पडू नका. तिळावर किंवा खसखशीवर साखरेचा पाक थेंबाथेंबाने चढवत, मंद शेगडीवरच्या परातीत बोटांनी फिरवत तासन्‌तास बसावं लागतं, तेव्हा एकेका दाण्याला काटा येतो. गार, कोरड्या पहाटे काटा छान येतो, दमट हवेत येत नाही. हे काम करणाऱ्या बायका आहेत, त्यांच्याकडून विकत घ्या आणि भाव करू नका.

भोगी

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. "न खाई भोगी तो सदा रोगी" असं म्हणतात ते या दिवसाच्या जेवणावरून. सकाळी तीळ लावून न्हाणं आणि दुपारी भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा.

भाजीत काय घालायचं? वांगी, गाजर, घेवडा, पावटा, मटार, सोलाणे म्हणजे ओले हरभरे, शेंगदाणे, चार बोरं, उसाचे दोन-तीन करवे. मंडईत या दिवशी भोगीचे तयार वाटे मिळतात, एक वाटा चार माणसांना पुरतो. तेलात मोहरी-हिंग-हळदीची फोडणी करून आधी शेंगदाणे, पावटा, सोलाणे असे वेळ घेणारे जिन्नस घाला, ते अर्धे शिजले की गाजर आणि वांगी, शेवटी बोरं. गोडा मसाला, चिंच, गूळ आणि दोन मोठे चमचे भाजलेल्या तिळाचा कूट. रस अंगासरसा ठेवा.

बाजरीचं पीठ ताजं दळून आणा. महिनाभर डब्यात पडलेलं पीठ कडू लागतं आणि मग लोक बाजरीलाच नावं ठेवतात. भाकरी थापताना वरून तीळ पेरून तळहाताने दाबायचे. भाकरी जमत नसेल तर पोळपाटावर प्लास्टिकच्या कागदात लाटा, कुणी बघायला येत नाही.

संक्रांतीची सकाळ: सुगडं

सुगडं आदल्या रात्री धुऊन पालथी घाला. सकाळी पाटाभोवती रांगोळी, पाटावर थोडे तांदूळ किंवा गहू पसरून त्यावर पाच सुगडं. प्रत्येकाच्या गळ्याला दोरा गुंडाळायचा, हळदीकुंकवाची बोटं ओढायची. आत गाजराचे तुकडे, बोरं, उसाची पेरं, हरभऱ्याचे घाटे, गव्हाची ओंबी, शेंगदाणे आणि वर तिळगूळ. कुठे कापसाचं बोंडही घालतात. वर पणती किंवा छोटं झाकण ठेवलं की झालं.

ही यादी जरा नीट बघा. रब्बीचा गहू-हरभरा अजून हिरवा आहे, त्याची ओंबी आणि घाटा आलाय. ऊस तोडणीला आलाय, बोरीला बोरं लागलीत, खरिपातला तीळ आणि भुईमूग घरात येऊन पडलाय. पाटावर बोळक्यांत मांडलेलं आहे ते त्या महिन्याचं शिवार. संक्रांतीदेवीने संकरासुराला मारलं आणि दुसऱ्या दिवशी किंकरासुराला, म्हणून संक्रांत आणि किंक्रांत, ही कथा पूजेत सांगतात. उत्तरायणाची वाट बघत शरपंजरी पडलेल्या भीष्मांचीही आठवण काढतात. कथा सांगाव्यात, मुलांना आवडतात. पण या मांडणीचं मूळ मला कथेपेक्षा शेतातच दिसतं.

पूजा झाल्यावर एक सुगड देवाजवळ, एक तुळशीपाशी, उरलेली आप्त-शेजारणींना द्यायची. पश्चिम महाराष्ट्रात याला ववसा म्हणतात. बायका देवळात जाऊन एकमेकींना ववसतात, आणि पंढरपूरला रुक्मिणीच्या मंदिरात या दिवशी ववसायला मोठी रांग लागते.

जेवायला गुळाची पोळी आणि तिच्यावर घट्ट तूप. पहिल्या वर्षी विकत आणली तरी चालेल, मात्र तूप घरचं असू द्या.

नेसायला काळं. एरवी सणासुदीला वर्ज्य असलेला रंग या एका दिवशी मानाचा. थंडीत काळं कापड ऊब धरतं, हे नेहमीचं स्पष्टीकरण. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी साडी घेण्याची रीत आहे, पूर्वी ती चंद्रकळा असे. जावयालाही काळा कुर्ता चालतो, नाही म्हणू देऊ नका.

हातावर तिळगूळ ठेवला तर काय म्हणायचं

महाराष्ट्रात नव्याने आलेल्यांसाठी हे खास. ऑफिसात, लिफ्टमध्ये, वर्गात कुणीही येऊन "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणेल. उजवा हात पुढे करून घ्या, तिथेच तोंडात टाका आणि तेच वाक्य उलट म्हणा. आपल्याकडे द्यायला तिळगूळ नसेल तरी चालतं. देणारं माणूस वयाने मोठं असेल तर वाकून नमस्कार. मोठ्यांनी धाकट्यांना "घे, बोल" म्हणावं. लहान मुलं हलव्याची डबी घेऊन दारोदार येतात आणि "तिळगूळ सांडू नका, आमच्याशी भांडू नका" असं वर जोडतात. त्यांच्या डबीतून घ्या आणि त्यांच्या हातावर काहीतरी ठेवा.

वर्षभर बोलणं टाकलेल्या माणसाकडे जायचा हा सगळ्यात सोपा दिवस आहे. आजच का आलात, असं कुणी विचारत नाही.

कर्नाटकातून आलेल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. तिकडे संक्रांतीला एळ्ळु-बेल्ला, म्हणजे तीळ-गूळच, वाटतात आणि तो खाऊन चांगलं बोला असंच सांगतात.

हळदीकुंकू

हा या सणाचा सगळ्यात मोठा आणि नव्या माणसाला सगळ्यात धास्ती घालणारा भाग. खरं तर तो तासाभरात शिकता येतो.

वेळ संध्याकाळी पाच ते आठ अशी मोकळी सांगा. ठरावीक वेळ दिलीत तर पंचवीस जणी एकदम येतील आणि बसायला जागा पुरणार नाही. बोलावणं जुन्या पद्धतीने घरी जाऊन करा किंवा सोसायटीच्या ग्रुपवर टाका. पण शेजारच्या आजी ग्रुपवर नसतील, त्यांना दार वाजवून सांगा.

दाराजवळ एका तबकात हळदीकुंकवाचा करंडा, अत्तरदाणी, गुलाबदाणी, फुलं किंवा गजरे. शेजारी तिळगुळाचा डबा आणि वाणाच्या, म्हणजे पाहुणीला भेट द्यायच्या, वस्तू. पाहुणी आली की तिला बसवा. उजव्या हाताच्या अनामिकेने आधी हळद, मग कुंकू. हळद चिमूटभरच घ्या, नाहीतर ती साडीवर सांडते आणि हळदीचा डाग काही जात नाही. मनगटाला किंवा पालथ्या हाताला अत्तराचं बोट, गुलाबपाण्याचा शिडकावा, फूल, तिळगूळ, वाण. मग तिनेही तुम्हाला हळदीकुंकू लावायचं असतं, ते विसरलं तर तबक तिच्यापुढे धरा. वयाने मोठी असेल तर नमस्कार करा. एखादीला टिकलीवर कुंकू नको असेल किंवा तिच्या धर्मात ते बसत नसेल, तर न बोलता फूल आणि तिळगूळ द्या. वाण तिलाही द्यायचं.

नवी सून असेल तर उखाण्यातून सुटका नाही. पाठ नसेल तर हा घ्या, कामचलाऊ आहे: गुळाच्या पाकात तीळ पडले शंभर, अमुकरावांचं नाव घेते, आता तुमचा नंबर.

वाण "लुटायचं" असतं, म्हणजे हात आखडता न घेता वाटायचं. पण लुटणं म्हणजे खर्च करणं नव्हे. गेल्या काही वर्षांत प्रत्येक घरी प्लास्टिकचे डबे, चाळण्या, साबणदाण्या यांचा ढीग साचलाय आणि निम्म्या वस्तू पुढच्या वर्षी दुसऱ्या घरी वाण म्हणून फिरतात. त्यापेक्षा वापरून संपेल ते द्या. पाव किलो गूळ, हळकुंडं, कापसाच्या वाती, साबण, तुळशीचं किंवा कढीपत्त्याचं रोप, छोटं पुस्तक. वीस जणींना देऊन महिन्याचं बजेट कोलमडणार असेल तर वाण चुकलं.

आता बोलावण्याच्या यादीबद्दल. रीत म्हणून हा समारंभ सवाष्णींचा, आणि घरातलीच आई, मावशी, आत्या विधवा असेल तर ती त्या संध्याकाळी आतल्या खोलीत. हे वर्षानुवर्षं चाललं आणि ते क्रूर आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करण्याचं आवाहन केलं. त्यानंतर अनेक गावांत आणि मंडळांत सगळ्या बायकांचं मिळून हळदीकुंकू होऊ लागलं. तुम्ही नव्याने सुरुवात करताय, तेव्हा पहिल्याच वर्षी सगळ्यांना बोलवा. अविवाहित, विधवा, घटस्फोटित, सगळ्या. ऐन वेळी अवघडलेपण नको म्हणून बोलावतानाच स्पष्ट सांगा की हळदीकुंकू सगळ्यांना लावणार आहोत. कुणाला स्वतःलाच नको वाटलं तर फूल आहेच, पण निर्णय तिचा असावा.

बोरन्हाण आणि हलव्याचे दागिने

पहिल्या संक्रांतीला सुनेला आणि बाळाला हलव्याचे दागिने घालतात. सुनेला हार, बांगड्या, बाजूबंद, बिंदी, कंबरपट्टा. जावयाला हार आणि हातात हलव्याने मढवलेला नारळ. बाळाला मुकुट आणि बासरी, की झाला कृष्ण. दागिने साखरेचे असतात हे विसरू नका. मुंबई-कोकणात, गोव्यात दमट हवेने ते पाझरतात, मुंग्या तर कुठेही लागतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि घालायच्या पाच मिनिटं आधी काढा.

बोरन्हाण एक ते पाच वर्षांच्या मुलांचं, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही. बाळाला काळं झबलं, दागिने घालून पाटावर बसवायचं, औक्षण करायचं आणि मग डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे, हरभरे, हलवा, गोळ्या ओंजळीने सोडायच्या. भोवती जमलेली पोरं ते लुटतात. बाळ सव्वा वर्षाचं असलं तर बहुधा भोकाड पसरतं, तेव्हा फोटो पहिल्या ओंजळीआधी काढून ठेवा.

एक गोष्ट कडक पाळा. शेंगदाणे, हरभरे, हलवा आणि गोळ्या लहान बाळाच्या घशात अडकतात. बाळावरून मुख्यतः चुरमुरेच सोडा, बोरं आणि ऊस मोजके आणि पाटाच्या कडेला. कडक जिन्नस मोठ्या मुलांना हातात वाटा. एका माणसाने बाळाच्या मुठीवर आणि तोंडावर लक्ष ठेवायचं, त्याला दुसरं काम देऊ नका. दागिन्यांचा दोरा आणि डिंकही बाळ चोखतं, म्हणून दहा मिनिटांत उतरवून ठेवा.

किंक्रांत आणि पतंग

दुसरा दिवस किंक्रांतीचा, करिदिन. शुभ कामं टाळतात, एवढंच. दमलेल्या घराला तेवढी सुट्टी बरीच आहे. पतंगाचं वेड येवल्याला आणि नागपूरला जोरात, बाकी ठिकाणी कमीजास्त. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ पासून देशभर बंदी घातलेली आहे, तरी तो चोरून विकला जातो. मुलांच्या चक्रीतला दोरा स्वतः ओढून बघा. सुती दोरा झटक्याने तुटतो, नायलॉन ताणतो आणि तुटत नाही. तसला निघाला तर कात्रीने बारीक तुकडे करून टाका.

रथसप्तमी आणि ते सहावं सुगड

रथसप्तमीला अंगणात किंवा गच्चीत सूर्याची रांगोळी काढतात, गोवऱ्या पेटवून त्यावर मातीच्या बोळक्यात दूध ठेवतात आणि ते उतू जाऊ देतात. कुठल्या दिशेला उतू गेलं यावरून कोणत्या बाजूला पीकपाणी चांगलं येईल ते आजी सांगतात. इथे तुमचं सहावं सुगड कामी येतं. गोवऱ्या नसतील तर गॅसवर जाळी ठेवून मंद आच करा आणि खाली ताट ठेवा, कारण दूध उतू जाणारच आहे, तेच हवं आहे. बोळकं मात्र आदल्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि पाऊणच भरा. कोरडं ठेवलंत तर ते आचेवर तडकतं, दूध विस्तवात जातं आणि गच्चीवरून पुन्हा खाली पळत जाऊन स्टीलचं पातेलं आणावं लागतं.